लाळेवरून तोंडाच्या कॅन्सरचा धोका सांगणारी मेथिलेशन टेस्ट: बाबांचा चट्टा, दोन किट आणि एक अर्धवट रिपोर्ट (५ पैकी ३)

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. भांडण करायचं नाहीये मला, आणि टेस्ट वाईट आहे असंही म्हणणं नाही. उलट टेस्टमागचं शास्त्र मला आवडलं, रिपोर्ट लिहिणाऱ्याचे मात्र कान उपटावेसे वाटले. ज्यांच्या घरात कुणाच्या तोंडात चट्टा आहे आणि जे ही असली टेस्ट करायची का म्हणून नेटवर शोधत बसलेत त्यांच्यासाठी लिहितेय, त्यामुळे लांबलंय.

तर बाबांच्या जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा आहे, म्हणजे होता, करंगळीच्या नखाएवढा. दुखत नाही, जळजळत नाही, त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. दात दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी गॉजचा तुकडा घेऊन जीभ धरली, बाहेर ओढली आणि दुसऱ्या गॉजने चट्टा घासून बघितला. निघाला नाही. मग आरशात आम्हाला दाखवला आणि म्हणाले, पुसून निघतो तो वेगळा, न पुसला जाणारा आणि दुसरं कुठलं कारण सापडत नाही तो ल्युकोप्लाकिया. बाबांनी तीस वर्षं सिगरेट ओढली, सोडून नऊ वर्षं झाली. बायोप्सी झाली, रिपोर्टमध्ये माइल्ड डिस्प्लेसिया. म्हणजे पेशी थोड्या वेड्यावाकड्या दिसतायत पण कॅन्सर नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला या, एवढंच.

आता हे "दर तीन महिन्यांनी" ऐकायला सोपं आहे पण घरात जगायला फार अवघड. असे बहुतेक चट्टे पुढे काहीच करत नाहीत, २०२० साली आलेल्या एका मोठ्या एकत्रित आढाव्यात ल्युकोप्लाकियापैकी साधारण ९.५ टक्के कॅन्सरकडे गेले असं होतं, म्हणजे उरलेले नव्वद टक्के नुसतेच तिथे बसून राहिले. पण आपला त्या नऊमधला की नव्वदमधला हे कोण सांगणार? मायक्रोस्कोपखाली बघून माइल्ड की मॉडरेट ठरवतात ते शेवटी डोळ्यांनी, आणि एकच स्लाइड दोन पॅथॉलॉजिस्टनी बघितली तर मत वेगळं पडू शकतं, हे आमच्या डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं. तेव्हा भावाने ही टेस्ट शोधून काढली.

टेस्ट नक्की काय बघते ते सांगते कारण कंपनीच्या पानावर हे एक वाक्य सोडून बाकी सगळं आहे. आपल्या पेशीत काही जीन्स ब्रेकचं काम करतात, पेशीने भरमसाट वाढू नये म्हणून. त्यांना ट्यूमर सप्रेसर म्हणतात. पी१६ हे त्यातलं गाजलेलं नाव, पेशी विभागायच्या आधी ते सीडीके४ आणि सीडीके६ नावाच्या प्रोटीनना अडवतं. हे ब्रेक दोन तऱ्हेने निकामी होतात. एक म्हणजे जीनच तुटतो, अक्षरं बदलतात, तुकडा उडतो. दुसरं म्हणजे जीन शाबूत पण त्याच्या सुरुवातीच्या भागावर, प्रमोटरवर, मेथिल नावाची छोटीशी रासायनिक खूण चिकटते, एका नाही बऱ्याच ठिकाणी (यालाच मेथिलेशन म्हणतात), आणि मग पेशी तो जीन वाचतच नाही. हे दुसरं म्हणजे एपिजेनेटिक बदल. मी हे बाबांना सांगत होते तर बाबा म्हणाले (आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलंय त्यांनी), "म्हणजे वायर तुटलेली नाही, स्विच बंद करून वर टेप मारलीय."

यापेक्षा चांगलं मला कुठेही वाचायला मिळालं नाही. आणि वरून पेशी विभागली की डीएनएमटी१ नावाचं एन्झाइम ती टेप नव्या कॉपीवरही जशीच्या तशी मारून ठेवतं, नव्या घराचं वायरिंग करताना जुन्या घरातला बंद स्विचसुद्धा बंदच बसवावा तसं. म्हणून ही खूण टिकते आणि म्हणूनच ती शोधता येते. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, दोन्ही गेल्या की ब्रेक पूर्ण गेला, ही कल्पना न्यूडसन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्यातल्या एका कॅन्सरवरून मांडली. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बरेचदा एक प्रत तुटून गेलेली असते, पी१६ बसतो तो ९ नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडाच उडतो, आणि दुसरी प्रत टेप मारून बंद. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावाला.

आमच्या पॅनलमध्ये तीन जीन होते: पी१६, एमजीएमटी आणि डीएपीके. एमजीएमटी डीएनएवरचं एका प्रकारचं नुकसान दुरुस्त करतं, तो बंद झाला की दुरुस्तीचा माणूसच सुट्टीवर. डीएपीके बिघडलेल्या पेशीला मरायला लावतं. हे त्रिकूट कंपनीने शोधलेलं नाही, तसं त्यांच्या जाहिरातीवरून वाटतं पण २००१ सालीच लाळेवर हे तीन घेऊन काम झालं होतं, डोकं-मान भागातल्या कॅन्सरच्या ३० पेशंटवर. त्यातल्या १७ जणांच्या गाठीत तीनपैकी निदान एका जीनवर मेथिलेशन सापडलं, आणि त्या १७ पैकी ११ जणांच्या लाळेतही. हे आकडे नीट बघा. ११ जणांच्या नुसत्या थुंकीत गाठीची खूण सापडणं हे कमाल आहे. पण कॅन्सर तर तिसांनाही होता. तेरा जणांच्या गाठीतच हे तीन जीन उघडे होते, तिथे लाळ कितीही चाळली तरी काय मिळणार, आणि सहा जणांच्या गाठीत होतं पण लाळेत उतरलं नाही. त्यानंतर लोकांनी वेगवेगळे जीन लावून बघितलेत, आरएएसएसएफ१ए, ई-कॅडहेरिन, पॅक्स१, झेडएनएफ५८२, यादी मोठी आहे, आणि पॅनल मोठं केलं की जास्त लोक सापडतात हेही खरं. पण "नाही आढळलं" म्हणजे "नाही" असं नसतं, हे मला कागदावर ठळक अक्षरात हवं होतं.

बरं आता किट. बॉक्स छान, बारकोड, दोन ट्यूब, एक छोटा ताठ केसांचा ब्रश, सलाइनची कुपी, प्रश्नावली. प्रश्नावलीत तंबाखू, दारू आणि सुपारी तिन्ही वेगळं विचारलंय याबद्दल पैकीच्या पैकी मार्क, कारण तंबाखू नसेल तरी नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २००४ सालीच जाहीर केलंय आणि अजूनही लोकांना ते माहीत नसतं. करायचं काय तर सलाइन तोंडात घेऊन वीस सेकंद खळखळवायचं आणि ट्यूबमध्ये थुंकायचं, रेषेपर्यंत, फेस मोजायचा नाही. मग ब्रश चट्ट्यावर दहा वेळा फिरवायचा, घासायचा खरं तर, हलका हात ठेवला तर वरच्या मेलेल्या पेशीच येतात. बाबा ट्यूब डोळ्यासमोर धरून फेस खाली बसायची वाट बघत उभे, बेसिनपाशी, चष्मा कपाळावर, आणि मी मोबाइलवर टायमर लावून. फेस बसला की दोन मिलिमीटर कमी, परत थुंका, परत फेस. पाव तास गेला यात.

आणि ते सॅम्पल रिजेक्ट झालं. आठ दिवसांनी मेसेज, मानवी डीएनए अपुरा, नवीन किट पाठवतोय. फोन केला तर पहिली मुलगी म्हणाली कुरिअरमध्ये उशीर झाला असेल. उशीर झाला नव्हता, माझ्याकडे पावती होती. मग दुसऱ्या कुणीतरी बाबांनाच सरळ विचारलं, "काका, त्या दिवशी सकाळी माउथवॉश घेतला होता का?" बाबा एकदम खूश, "हो तर, दोनदा! घाणेरडं तोंड कसं द्यायचं लॅबला?" झालं. सुट्या पेशी सगळ्या बेसिनमध्ये. आता सूचना काय होती तर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ नका, आणि माउथवॉशचं मागच्या बाजूला, कचऱ्यात कुठला भाग टाकायचा त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. याचा एक स्टार मी इथेच कापला.

पण पेशी कमी आल्या तर एवढं काय बिघडतं, असं मला वाटलं होतं, तर बरंच बिघडतं. मेथिलची खूण वाचायला डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो, त्यात ज्या सी अक्षरावर टेप नाही ते बदलून यू होतं आणि पुढे टी म्हणून वाचलं जातं, टेप असलेलं सी मात्र सी-च राहतं. एकदम हुशार युक्ती आहे, १९९२ पासून वापरात आहे, आणि १९९६ मध्ये त्यावरून साध्या पीसीआरने मेथिलेशन पकडायची पद्धत आली म्हणून तर आज घरी किट येऊ शकतंय. पण ही प्रक्रिया डीएनएला फार झोडपते, तुकडे तुकडे होतात, बराच वाया जातो. त्यात लाळेतला सगळा डीएनए आपल्या कामाचा नसतोच, जंतूंचा असतो, हिरड्यांतून उतरलेल्या पांढऱ्या पेशींचा असतो, चट्ट्याच्या पेशी त्यात मूठभर. म्हणून त्यांनी ब्रश वेगळा दिलाय आणि ही गोष्ट त्यांनी बरोबर केलीय. नुसत्या गुळणीवर चालणारं किट स्वस्तात मिळत असेल तरी चट्टा दिसतोय तिथे मी तरी ब्रशवालंच घेईन.

दुसरं सॅम्पल पास झालं. रिपोर्ट तीन आठवड्यांनी ईमेलवर, रात्री पावणेदहाला. कॅन्सरसंबंधी रिपोर्ट रात्री पावणेदहाला कोण पाठवतं हो? ऑटोमॅटिक असेल, मान्य, पण मग ऑटोमॅटिक सकाळी दहाला पाठवा ना, फोन करायला माणूस जागा असेल तेव्हा.

पहिल्या पानावर तीन चौकोन. एमजीएमटी हिरवा, डीएपीके हिरवा, पी१६ लाल आणि त्यात लिहिलेलं: पॉझिटिव्ह. खाली: धोका वाढलेला, डॉक्टरांचा सल्ला घ्या. मग चार पानं मेथिलेशन म्हणजे काय याची रंगीत चित्रं. बस. टक्केवारी नाही, कितीच्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरलं ती रेषा नाही, हे ब्रशमध्ये सापडलं की गुळणीत की दोन्हीत ते नाही.

आणि इथून आमच्या घरात जो गोंधळ झाला तो कुठल्याही कंपनीने मुद्दाम ऐकावा. माझ्या मामाला काही वर्षांपूर्वी टॉन्सिलचा कॅन्सर झाला होता आणि त्याच्या रिपोर्टमध्येसुद्धा पी१६ पॉझिटिव्ह होतं आणि त्याच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे, असे पेशंट उपचाराला चांगला प्रतिसाद देतात. मामा आज ठणठणीत आहे. त्यामुळे बाबा म्हणाले, "मग ठीक आहे की, मामाचंही हेच होतं," आणि आई रडायला लागली कारण तिला एवढंच कळलं की मामाला कॅन्सर होता आणि मामाचंही हेच होतं. दोघंही चूक. पण त्यांची चूक कशी म्हणू, शब्द तर तोच छापलाय.

मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले तेव्हा कुठे उलगडलं. मामाच्या केसमध्ये पी१६चं प्रोटीन स्लाइडवर रंगवून बघितलं होतं. घशातल्या त्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही व्हायरस आरबी नावाच्या दुसऱ्या ब्रेकला निकामी करतो, मग पेशी घाबरून पी१६ भरमसाट बनवत सुटते, त्याचा उपयोग काही होत नाही पण स्लाइड गच्च रंगते. म्हणून तिथे पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे प्रोटीन उतू जातंय, व्हायरसचा पुरावा, आणि अशा घशाच्या कॅन्सरचं स्टेजिंगसुद्धा (कॅन्सर किती पसरलाय त्याची पायरी ठरवणं) त्याच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीपासून वेगळं केलंय. बाबांच्या केसमध्ये पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे पी१६वर टेप मारलेली सापडली, म्हणजे त्या पेशींत प्रोटीन बनतच नसणार. एक शब्द, दोन रिपोर्ट, आणि अर्थ अगदी उलटा! "पी१६ जीनच्या प्रमोटरवर मेथिलेशन आढळले" एवढं लिहायला किती शाई लागते?

दुसऱ्या दिवशी काउन्सेलरचा फोन, तो पॅकेजमध्येच आहे. मुलगी गोड होती, जीन म्हणजे काय हे तिने फार छान समजावलं, पण मी मामाचं विचारल्यावर गप्पच झाली आणि म्हणाली मॅडम तुम्ही डॉक्टरांशी बोला. मी म्हटलं ठीक आहे, मग तुम्ही कशाला आहात. नंतर त्यांच्या सीनियर बाईंचा फोन आला, त्यांनी मी रात्री वाचलं तेच सांगितलं आणि प्रामाणिकपणे कबूल केलं की हा प्रश्न याआधीही दोघातिघांनी विचारलाय. विचारलाय तर मग बदला की रिपोर्ट! असो.

आता मुद्द्याचं. या पॉझिटिव्हचा अर्थ किती घ्यायचा? याचं उत्तर रिपोर्टमध्ये नव्हतं पण शोधल्यावर एक अभ्यास अगदी बाबांसारख्याच लोकांवरचा मिळाला, २००९ साली आलेला, चीनमधला, माइल्ड आणि मॉडरेट डिस्प्लेसिया असलेले ७८ जण, सरासरी पावणेचार वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलेलं. पी१६वर मेथिलेशन असलेले ३२, त्यातल्या १४ जणांना पुढे कॅन्सर झाला. नसलेले ४६, त्यातल्या ८ जणांना झाला. म्हणजे ४३.८ टक्के विरुद्ध १७.४ टक्के. मी हे आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बाबांना दिले आणि ते बराच वेळ बघत बसले, मग पेनने त्यांनी स्वतः दोन आकडे काढले जे मी काढले नव्हते. ३२ मधून १४ गेले, १८. "हे अठरा जण पॉझिटिव्ह होते आणि त्यांना काही झालं नाही." आणि मग ८ भोवती गोल करून, "आणि हे आठ जण निगेटिव्हचा कागद खिशात घालून फिरत होते."

हाच माझा सगळा रिव्ह्यू आहे खरं तर. चट्टा आहे, बायोप्सी झालीय, कॅन्सर नाही असं कळलंय, आणि आता किती बारीक लक्ष ठेवायचं एवढाच प्रश्न उरलाय, तर ही टेस्ट त्या प्रश्नाच्या तराजूत एक वजन टाकते. चांगलं वजन आहे, किरकोळ नाही. पण तराजू डॉक्टरांच्या हातात आणि निदानाचा शेवटचा शब्द बायोप्सीचाच. निगेटिव्ह आलं म्हणून तीन महिन्यांची फेरी चुकवली तर टेस्ट केली नसती तेच बरं.

आणि यावरून फॅमिली पॅकबद्दल. रिपोर्ट आल्यानंतर चौथ्या दिवशी मेसेज, "घरातल्या सर्वांचीच काळजी घ्या", चार किट एकत्र. माझ्या तोंडात काही नाही, भावाच्या नाही, आईच्या नाही. समजा, नुसतं समजा, टेस्ट फार चांगली आहे, १०० कॅन्सरवाल्यांतले ८० पकडते आणि १०० निरोगी लोकांतल्या ९० जणांना बरोबर सोडते. आता काहीच तक्रार नसलेल्या १०,००० लोकांनी ती केली आणि त्यात खरोखर कॅन्सर असलेले १० आहेत असं धरा. त्या दहातले आठ सापडले, दोन निसटले. आणि उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांतल्या ९९९ जणांना लाल चौकोन. म्हणजे लाल चौकोन मिळालेल्या हजारभर लोकांत खरे आठ! बाकीचे आमच्या आईसारखे रात्री पावणेदहाला रडणार. शिवाय वय वाढतं तशा काही जीन्सवर अशा खुणा आपोआपच थोड्या थोड्या चढत जातात, त्यावरून माणसाचं वय ओळखण्याची गणितंसुद्धा २०१३ पासून आहेत, मग रेषा कुठे ओढलीय हे न सांगता साठीच्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणणं म्हणजे काय? तोंडात काही दिसत नसेल तर डेंटिस्टकडे जा, आरशात बघा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड असेल, पांढरा नाहीतर लाल चट्टा असेल (लाल जास्त वाईट), तर दाखवा. त्याला किट लागत नाही.

मी मेथिलेशन टेस्टच्या विरोधात आहे असं कुणी समजू नका. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचातून मेथिलेशन बघणारी टेस्ट अमेरिकेत २०१४ पासून एफडीएने मान्य केलेली आहे, तिच्यात दोन जीन्सची मेथिलेशन बघतात, आणि सेप्टिन९ नावाच्या जीनचं मेथिलेशन रक्तातून बघणारी २०१६ पासून. तंत्र खरंच आहे, भोंदूगिरी नाही. तोंड तर उलट जास्त सोपं असायला हवं, दिसतं, हात पोचतो, लाळ फुकट. तरीपण सोपं नाहीये, आणि ते सोपं असल्यासारखं विकतायत हा राग आहे माझा.

डॉक्टरांचं काय झालं ते. त्यांनी रिपोर्ट बघितला, पहिलं पान उलटलं, चित्रं उलटली, परत पहिल्या पानावर आले आणि म्हणाले, "आकडा कुठाय?" मी म्हटलं नाहीये. हसले. मग म्हणाले की माझ्या हिशेबात हे थोडं वजन टाकतं, चट्टा जिभेच्या कडेला आहे ती जागा तशीही चांगली नाही, लहान आहे, काढून टाकू. लोकल भूल देऊन काढला, टाके, आठवडाभर बाबा बोबडं बोलत होते आणि घरात शांतता होती. पूर्ण तुकडा तपासला, सगळीकडे माइल्ड डिस्प्लेसियाच, कुठेही जास्त नाही. आता टेस्टमुळे वाचलो का? कोण सांगणार. कदाचित तो चट्टा अठरांमधलाच असेल. काढला म्हणून संपलं असंही नाही, डॉक्टरांचे शब्द, "चट्टा काढला तरी तोंड तेच आहे." ज्या धुराने एका जागी हे केलं तो तोंडभर फिरलेला असतो, ही गोष्ट १९५३ सालीच स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडून ठेवलीय, शेजारची वरून चांगली दिसणारी कातडीसुद्धा आतून बदललेली असू शकते. म्हणून आता दोन महिन्यांनी फेरी.

बाबांचा शेवटचा प्रश्न मात्र मला आवडला, त्यांनी सीनियर बाईंना फोनवरच विचारला होता. "टेप निघते का हो?" बाई म्हणाल्या, काही ठिकाणची निघते. टेप काढणारी औषधं खरोखर आहेत, अ‍ॅझासिटिडीन २००४ मध्ये आणि डेसिटाबिन २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, पण ती रक्ताच्या एका आजारासाठी, तोंडातल्या चट्ट्यासाठी कुणी देत नाही. आणि सिगरेट सोडलेल्यांच्या रक्तात धुराच्या मेथिलेशन खुणा वर्षानुवर्षं हळूहळू मागे फिरताना दिसतात हे मात्र पक्कं आहे. बाबा लगेच, "नऊ वर्षं झालीत मला." पी१६ची अशी निघेल याची खात्री बाईंनी दिली नाही आणि त्यांनी ती दिली नाही म्हणूनच मला त्या आवडल्या. त्यांच्यासाठी अर्धा स्टार जास्त दिला असता पण अर्धा देता येत नाही इथे.

तर हिशेब: टेस्ट आणि ब्रश आणि प्रश्नावली आणि सीनियर बाई याचे तीन. रिपोर्टचा एक गेला, सूचनांचा एक गेला. फॅमिली पॅकच्या मेसेजचा अजून एक कापणार होते पण भाऊ म्हणाला जाऊ दे.

अपडेट: हा रिव्ह्यू टाकायच्या आधी मी त्यांना ईमेल करून आकडे मागितले होते, तीन वेळा. अकराव्या दिवशी एक पानी पीडीएफ आली, रंग नाही चित्रं नाही, नुसता तक्ता. गुळणीतल्या डीएनएत पी१६ मेथिलेशन त्यांच्या रेषेच्या खालीच होतं, म्हणजे नुसती गुळणी दिली असती तर आमचा रिपोर्ट हिरवा आला असता. ब्रशमध्ये रेषेच्या बरंच वर. हा तक्ता त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर त्यांचं उत्तर एका ओळीचं, "हा रिपोर्ट. तो दुसरा ब्रोशर होता." बाबांनी प्रिंट काढून फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय, लाल चौकोनवाली पानं खाली गेली. स्टार तीनच ठेवतेय, न मागता हा तक्ता पाठवायला लागलात की चौथा देईन.